कॅलिफोर्नियातील 'रिकॉल' आणि गव्हर्नर हायरम जॉन्सन

निवडून दिलेल्या पदाधिकाऱ्याला मुदतीपूर्वी मतदानाने घरी पाठवण्याचा अधिकार, म्हणजेच 'रिकॉल', कॅलिफोर्नियात कोणी आणला आणि एका राज्यपालाला तो आणणे कसे शक्य झाले, असे आपण विचारले आहे. अमेरिकेतील गव्हर्नर हा आपल्याकडील राज्यपालासारखा केंद्राने नेमलेला नसतो. लोक त्याला थेट निवडून देतात आणि राज्याचा कारभार तोच पाहतो. त्यामुळे त्याची तुलना करायचीच तर मुख्यमंत्र्याशी करावी.

हायरम जॉन्सन यांचा जन्म १८६६ मध्ये सॅक्रॅमेंटो येथे झाला. त्या काळी सदर्न पॅसिफिक रेल्वेचा राज्याच्या राजकारणावर एवढा पगडा होता की उमेदवार कोण, हेही पुष्कळदा तीच ठरवीत असे. जॉन्सन यांचे वडील ग्रोव्ह जॉन्सन हे विधिमंडळात या कंपनीचे पाठीराखे होते, मुलगा मात्र तिच्या विरोधात उभा राहिला. सॅन फ्रान्सिस्कोतील लाचखोरीच्या खटल्यात १९०८ मध्ये सरकारी वकील फ्रान्सिस हेनी यांच्यावर भर न्यायालयात गोळी झाडली गेली, तेव्हा जॉन्सन यांनी काम हाती घेऊन शहराचा राजकीय सूत्रधार एब रूफ याला दोषी ठरवून घेतले. त्या खटल्याने त्यांचे नाव राज्यभर झाले. १९१० च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत रेल्वेला राजकारणातून हाकलण्याचे वचन देत ते मोटारीने गावोगाव फिरले आणि विजयी झाले.

त्यांच्याच कारकिर्दीत १० ऑक्टोबर १९११ रोजी मतदारांपुढे २३ घटनादुरुस्त्या ठेवल्या गेल्या आणि त्यांपैकी २२ मंजूर झाल्या. नागरिकांनी स्वतः कायदा मांडणे, विधिमंडळाचा कायदा मतदानाने रोखणे आणि रिकॉल हे अधिकार त्याच दिवशी मिळाले. स्त्रियांचा मताधिकारही त्याच दिवशी, अवघ्या साडेतीन हजारांच्या आसपासच्या मताधिक्याने, संमत झाला. रिकॉल न्यायाधीशांनाही लागू होता. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांना ही कल्पना इतकी अमान्य होती की त्याच वर्षी ॲरिझोनाला राज्याचा दर्जा देणारा ठराव त्यांनी याच कारणावरून नाकारला होता.

परंतु जॉन्सन यांच्याविषयी लिहिताना १९१३ चा जमीन कायदा वगळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. नागरिकत्वास अपात्र असलेल्या परकीयांना त्याने शेतजमीन विकत घेण्यास मनाई केली आणि खंडाची मुदत तीन वर्षांवर आणली. कायद्यात जपानी लोकांचे नाव नव्हते, तरी रोख त्यांच्यावरच होता. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी परराष्ट्रमंत्री ब्रायन यांना समजूत घालण्यासाठी सॅक्रॅमेंटोला पाठवले, तरीही जॉन्सन यांनी सही केली. वडिलांनीही जपानीविरोधी विधेयके मांडली होती. रेल्वेच्या प्रश्नावर दुरावलेले पितापुत्र या बाबतीत मात्र एकाच बाजूला होते. पुढे १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या प्रकरणात भारतीयांनाही नागरिकत्वास अपात्र ठरवले, तेव्हा इम्पीरियल खोऱ्यातील पंजाबी शेतकरी याच कायद्याच्या कचाट्यात सापडले. बहुमताच्या इच्छेवर जॉन्सन यांची जी निष्ठा होती, तिच्यातूनच रिकॉल आला आणि हा कायदाही तिच्याच आधाराने टिकला, असे माझे मत आहे.

१९१२ मध्ये ते थिओडोर रूझवेल्ट यांच्या जोडीने उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहून पराभूत झाले. १९१७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे ६ ऑगस्ट १९४५ पर्यंत, ते सिनेटर होते. तेथे त्यांनी राष्ट्रसंघाला कडवा विरोध केला.

आता रिकॉलच्या प्रत्यक्ष कार्यपद्धतीविषयी. गव्हर्नरविरुद्ध तो मागायचा असेल, तर त्या पदाच्या मागील निवडणुकीत झालेल्या मतदानाच्या १२ टक्के इतक्या सह्या लागतात. २००३ मध्ये ग्रे डेव्हिस यांना याच मार्गाने पद सोडावे लागले. २०२१ मध्ये गॅव्हिन न्यूसम मात्र टिकले.