आठवीची मुलं प्रकल्पात चॅटजीपीटीची उत्तरं उतरवतात. वर्गात ६० जण आहेत, गुण कसे द्यायचे? (पुणे)

एआय पकडणाऱ्या साइटच्या टक्केवारीवर गुण कापू नका. मुलाने स्वतः लिहिलेलंही अशा साइट कधीकधी एआयचं ठरवतात, आणि पालक जाब विचारायला आले की हातात पुरावा नसतो.

विषयच बदला. ‘पुराची कारणे लिहा’ऐवजी, १२ जुलै १९६१ चा पानशेत पूर पाहिलेल्या ज्येष्ठांना पाच प्रश्न विचारून यायला सांगा. कच्च्या नोंदी वहीत, तारखेसह. २० गुणांपैकी नोंदींना ६, लेखाला ६, तोंडीला ८. लेखाला जास्त दिलेत तर उतरवणाऱ्याचंच फावतं.

तोंडी तीन मिनिटांचीच: त्याच्याच एखाद्या वाक्यावर बोट ठेवून ‘हे कुठून कळलं?’ उतरवलेलं असेल तर बहुधा इथेच गाडी अडते. ६० जणांना तीन तास लागतात, म्हणून एका तासिकेला दहाच जण. बाकीच्यांना वाचन द्या.

गूगल फॉर्मची चाचणी सरावापुरतीच बरी. पर्यायांचा क्रम बदलता ठेवा, पण ‘वरीलपैकी सर्व’ असलेल्या प्रश्नात नको, तो पर्याय वर गेला की प्रश्नच फसतो. फॉर्मवर नाव आणि हजेरी क्रमांक पुरे. आधार, जन्मतारीख मागू नका. आणि गुणांची यादी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अजिबात टाकू नका.