आधी टेप, मग टेस्टोस्टेरॉन

प्रिय डॉक्टर,

तुझ्या 54 वर्षांच्या पेशंटचा रिपोर्ट पाहिला. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, किंचित कमी, पोट सुटलेलं, आणि इंजेक्शनबरोबर ‘इस्ट्रोजेन उतरवायची गोळीही द्या’ असा त्यांचा हट्ट. ती गोळी देऊ नकोस.

इस्ट्रोजेन म्हणजे बायकांचं हार्मोन, पुरुषाला ते नकोच, हा समज जिममधून आपल्या दवाखान्यात आला आहे. 2013 साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. 20 ते 50 वयाच्या निरोगी पुरुषांचे स्वतःचे हार्मोन औषधाने थांबवून त्यांना 16 आठवडे टेस्टोस्टेरॉनचं जेल दिलं, कुणाला जास्त, कुणाला कमी, कुणाला नुसतंच औषध नसलेलं जेल. दुसऱ्या गटाला शिवाय टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होऊ न देणारी गोळी दिली. स्नायू आणि ताकद घटली ती टेस्टोस्टेरॉन कमी पडल्याने. चरबी मात्र वाढली ती मुख्यतः इस्ट्रोजेन कमी पडल्याने! कामेच्छेला दोन्ही लागतात, हाडांना तर इस्ट्रोजेन हवंच. पोट उतरवायला मागितलेली गोळी पोट वाढवूही शकते, हे त्यांना समजावून सांग.

आता तो टेस्टोस्टेरॉनचा आकडा. रक्त दुपारी चारला घेतलंय. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपास. सोबत एसएचबीजी बघ. हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला रक्तात धरून ठेवतं आणि सुटलेल्या पोटाबरोबर ते घटतं. मग एकूण आकडा कमी दिसतो, पण मोकळं टेस्टोस्टेरॉन पुष्कळदा ठीक असतं. वयाने होणारी घट संथ असते, वर्षाला साधारण एक टक्का. वजन वाढलं की ती घसरण वेग घेते, आणि वजन उतरलं की आकडा बराचसा वर येतो.

‘वजन तर नॉर्मल आहे’ असं म्हणून सोडू नकोस. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3, पण चरबी एकाची 21.2 टक्के, दुसऱ्याची 9.1. जास्त चरबी आपल्या पुणेकराची. म्हणून टेपने कंबर मोज. 90 सेंटिमीटर ही आपल्या पुरुषांची मर्यादा. घोरतात का, हेही घरच्यांना विचार, झोपेत श्वास अडकत असल्याची ती खूण असू शकते.

दोन्ही सकाळी आकडा खरंच खाली असेल, इच्छा मेली असेल, पहाटेचा ताठरपणा गेला असेल, तर उपचार नाकारू नकोस. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) आणि पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आधी बघ, नंतरही बघत राहा.

एक चूक माझी. पस्तिशीतल्या एकाला मी टेस्टोस्टेरॉन सुरू केलं आणि मूल हवंय का, हे विचारलंच नाही. बाहेरून हार्मोन दिलं की पिट्यूटरी, म्हणजे वृषणांना हुकूम देणारी मेंदूतली ग्रंथी, गप्प बसते, शुक्रजंतू बनणं थांबतं. वर्षभराने ते जोडपं समोर बसलं तेव्हा त्या बाईंच्या नजरेला नजर देववेना. तू विचारत जा, पहिल्याच भेटीत.

सकाळचे रिपोर्ट आले की फोन कर, रात्री नऊनंतर मी मोकळा असतो.

तुझा,
सर