चौघांची चार मतं आणि रापणीचा लेख

प्रश्न: मी मालवणची, पुण्यात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडच्या रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायच्या मासेमारीवर, १८०० शब्दांचा लेख लिहिला आणि लिहित्या मित्रमैत्रिणींना दाखवला. एकाला सुरुवात कंटाळवाणी वाटली, एकीला मालवणी शब्द कळले नाहीत, तिसरा म्हणाला लेख एकतर्फी आहे, चौथी म्हणाली आजोबांवर अजून लिही. हुरूपच गेला. लिखाण सोडून फिशरीजकडे वळू का?

उत्तर: फिशरीजचं आधी सांगतो. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. तिथला बी.एफ.एस्सी. हा मत्स्यविज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि त्याला बारावी विज्ञान लागतं. तुझी बारावी कलेची. तेव्हा लेखावर रुसून तिकडे जाता येणार नाही.

लेख तू सोबत जोडलास, म्हणून दोनदा वाचला. वाचणारा कुठे अडखळला हे तो खरं सांगतो, पण त्यावर उपाय सुचवायला लागला की त्याचं बऱ्याचदा चुकतं. मालवणी शब्दांचंच बघ. रापण, तांडेल, वाटे, पेडवे, सगळे तू पहिल्याच परिच्छेदात एका दमात ओतलेस, म्हणून मैत्रीण दमली. शब्द काढू नकोस, त्यांना कामाला लाव. होडी जाळं सोडत अर्धगोल मारून परत आली, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर आले आणि सगळी वाडी ओढायला लागली, एवढं दाखवलंस की रापण वेगळी समजावावी लागत नाही.

सुरुवात खरंच कंटाळवाणी आहे. 'महाराष्ट्राला विस्तीर्ण समुद्रकिनारा लाभला आहे' हे वाक्य शाळेच्या निबंधवहीतून उठून आलंय. आणि शेवटच्या पानावर, दोर ओढायला आलेल्या शाळकरी पोराच्या हातावर आजोबा दोन बांगडे ठेवतात! ते पहिल्या ओळीत आण. आजोबांवर अजून लिहायची गरज नाही, त्यांना फक्त पुढे आणून बसव.

एकतर्फीपणाची तक्रार मात्र मी गंभीर मानतो. पर्ससीनवाल्यांना, म्हणजे यांत्रिक नौकांवरून मोठ्या घेराच्या जाळ्याने मासे धरणाऱ्यांना, तू शिव्या घातल्यास, पण त्यांच्यातल्या एकाशीही बोलली नाहीस. जून-जुलैत पावसाळी मासेमारीबंदीमुळे यांत्रिक नौका किनाऱ्याला असतात, तेव्हा मालक निवांत भेटतो. शिवाय 'पर्ससीनला बंदी आहे' असं सरसकट लिहिलंस, ते चूक आहे. राज्याच्या ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने परवानाधारकांना सप्टेंबर ते डिसेंबर मुभा ठेवली, आणि राज्याची हद्दही किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच, त्यापुढे राज्याचा आदेश चालत नाही. ही चूक चौघांपैकी कुणालाच दिसली नाही. कशी दिसणार? ते लिहिणारे आहेत, दर्यावर्दी नाहीत. पुढचा खर्डा एखाद्या जुन्या रापणकराला वाचून दाखव. तो भाषेला हात लावणार नाही, पण जाळ्याचं चुकलं तर तिथल्या तिथे सांगेल.

चौघांचंही सगळं ऐकायचं नाही, हेही लिहून ठेव. मी तरुणपणी एका लेखात सगळ्यांच्या सूचना घातल्या होत्या. सगळे खूश झाले, लेख मात्र कुणाचाच राहिला नाही. माझाही नाही.

बी.ए.नंतर पत्रकारितेला अर्ज करणार असशील तर दोन्ही खर्डे जपून ठेव, पहिला फाडू नकोस. मुलाखतीत लिखाणाबद्दल विचारलं तर दोन्ही टेबलावर ठेव आणि मधे काय काय बदललंस ते सांग.