टेस्टरचे सगळे दिवे लागतात, तरी लॅनचा वेग ९४ च्या वर जात नाही. भिंतीतली केबल बदलावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत भिंतीतल्या पाइपातून लॅन केबल गेली आहे. तिच्या कनेक्टरचे खटके तुटले म्हणून दोन्ही टोकांना तुम्ही स्वतः नवे कनेक्टर क्रिंप केले, म्हणजे चिमट्याने दाबून बसवले. आधी ३०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) मिळायचे, आता ९४ च्या पुढे काटा हलत नाही आणि मधूनच कनेक्शन तुटतं. टेस्टर मात्र आठही दिवे क्रमाने लावून दाखवतो. मग भिंतीतली केबलच काढून टाकावी का?

आत्ता तरी तिला हात लावू नका. पाइपात निवांत पडलेली केबल आपोआप सहसा बिघडत नाही. बिघाड बहुतेक वेळा टोकांना असतो, आणि तुमच्याकडे तर नेमकी टोकंच बदलली गेली आहेत.

९४ या आकड्यातच निम्मं निदान आहे. केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन तारांच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, म्हणजे १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिना. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात. त्यामुळे ४, ५, ७, ८ पैकी एकही तार नीट टेकत नसेल, तर दोन्ही बाजूंची यंत्रं गिगाबिटचा नाद सोडून १०० वर येतात. डेटा छोट्या पाकिटांत जातो; पाकिटांवरच्या पत्त्यासारख्या जास्तीच्या माहितीचा ठरलेला खर्च त्यातून वजा झाला की हाती ९४-९५ उरतात. इंटरनेट कंपनीकडे तक्रार करण्याआधी हे तपासायला हवं.

त्यासाठी स्पीड टेस्टपेक्षा लिंक स्पीड, म्हणजे केबलच्या दोन टोकांच्या यंत्रांनी आपसात ठरवलेला वेग, बघा. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या नेटवर्क विभागात ईथरनेटच्या पानावर तो दिसतो, लिनक्सवर ईथटूल ही कमांड सांगते. तिथे १००/१०० दिसलं तर प्रश्न राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्येच कुठेतरी आहे. नेटवर्क कार्डच्या सेटिंगमध्ये ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ ऑटोवर आहे ना, तेही बघून घ्या. कुणी तिथे १०० ठरवून ठेवलं असेल तर लक्षण हुबेहूब असंच दिसतं.

मग कॉम्प्युटर उचलून राउटरजवळ न्या आणि चांगल्या, छोट्या, तयार पॅच कॉर्डने (कनेक्टर आधीच बसवलेल्या लवचिक केबलने) थेट जोडा. लिंक १००० वर गेली तर दोन्ही पोर्ट निर्दोष आहेत. इथेही १०० च राहिली तर राउटरचा दुसरा पोर्ट वापरून बघा आणि पोर्टमध्ये टॉर्च मारून पिना वाकल्या आहेत का ते पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, पोर्ट आणि सेटिंग तिन्ही एकदम बदलले, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही.

आता टेस्टर. स्वस्तातला दिव्यांचा टेस्टर प्रत्येक तारेतून जरासा करंट सोडतो आणि तो त्याच क्रमांकावर पलीकडे पोचला का एवढंच बघतो. तार निसटती टेकली असली तरी दिवा लागतो. आणि कोणती तार कुणाबरोबर पिळलेली आहे हे त्याला अजिबात कळत नाही. खरी मेख तिथेच आहे. जोडीतल्या दोन तारांमधून एकच सिग्नल उलटसुलट जातो, आणि त्यांना दिलेल्या पिळामुळे बाहेरचा गोंगाट आणि शेजारच्या जोडीचा त्रास बराचसा रद्द होतो. काहीजण दोन्ही टोकांना नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी अशा सरळ ओळीने तारा लावतात. टेस्टर खूश असतो, पण ३ आणि ६ या पिनांवर दोन वेगळ्या जोड्यांच्या तारा येतात, ४ आणि ५ वरही तेच. लांबी कमी असेल तर हे कसंबसं चालतं. लांबी वाढली की चुका वाढतात, लिंक घसरते, तुटते.

म्हणून टेस्टर बाजूला ठेवा आणि कनेक्टरचा खटका खाली, तोंड तुमच्यापासून दूर धरून डावीकडून रंग वाचा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना विभागलेली दिसली पाहिजे. ही टी५६८बी पद्धत. टी५६८ए मध्ये नारिंगी आणि हिरव्याची अदलाबदल असते, तीही चालते. फक्त दोन्ही टोकं सारखी ठेवा. (टेस्टरवरचा नववा ‘जी’ दिवा लागला नाही तर घाबरू नका. तो शील्डसाठी, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या आवरणासाठी आहे, साध्या केबलला शील्ड नसतंच.)

रंग बरोबर निघाले तर माझा संशय कनेक्टरच्या जातीवर आहे. भिंतीतल्या केबलची प्रत्येक तार अखंड, एकसंध असते. लवचिक पॅच कॉर्डच्या तारेत बारीक धाग्यांचा झुबका असतो. कनेक्टरही त्यानुसार वेगळे येतात. झुबक्यासाठीच्या कनेक्टरचं पातं मधोमध घुसतं, आणि एकसंध तारेवर ते नुसतं टेकून राहतं. क्रिंप केल्यावर सगळं ठीक वाटतं, पुढे केबल जरा हलली की संपर्क जातो. मधूनच तुटण्याचं हे अगदी ठरलेलं कारण आहे. लिंक चालू असताना एकेक टोक बोटाने हळूच हलवून बघा. पोर्टचा दिवा विझला तर तेच टोक दोषी.

पुन्हा टोक करायचंच असेल तर माझं ठाम मत आहे की भिंतीतल्या केबलला कनेक्टर लावू नये. भिंतीवर जॅक (लॅनचं सॉकेट) बसवा, पंच-डाउन टूल या दाबायच्या हत्याराने तारा त्याच्या खोबणीत दाबा आणि तिथून पुढे तयार पॅच कॉर्ड वापरा. जॅकची खोबण एकसंध तारेसाठीच बनलेली असते, रंगही तिच्यावर छापलेले असतात, आणि रोजची ओढाताण पॅच कॉर्डवर जाते, जी खराब झाली तर दोन मिनिटांत बदलता येते. तारा दाबताना पीळ शक्य तितका शेवटपर्यंत ठेवा, १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नका. कनेक्टरच लावणार असाल तर बाहेरचं वेष्टण त्याच्या आत जाऊन खालच्या पट्टीखाली चेपलं गेलं पाहिजे. नुसत्या आठ तारा बाहेर लोंबत असतील तर ते टोक टिकणार नाही.

टोक कापाल तेव्हा एक तार ब्लेडने खरवडून पाहा. तांब्याच्या थराखाली चंदेरी रंग दिसला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल आहे. तिचा रोध जास्त असतो, वाकवली की तार लवकर मोडते आणि ती लॅन केबलच्या मानकात बसत नाही. तिच्यातून कॅमेऱ्याला वीज देत असाल तर ती तापते, त्यासाठी तर ती मुळीच नको. अशी केबल निघाली तर टोकांवर वेळ घालवू नका, तीच बदला. दोन्ही टोकं नीट करूनही लिंक १०० वरच राहिली, तरी बदलण्याची वेळ आली असं समजा; मध्ये कुठेतरी खिळा घुसला असेल किंवा ती तीव्र वाकली असेल.

बदलताना शुद्ध तांब्याची कॅट ६ प्रतीची केबल घ्या. घरासाठी ती पुरेशी आहे. १०० मीटरपर्यंत गिगाबिट तर कॅट ५ई सुद्धा नेते. कॅट ८ च्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. विजेच्या तारा असलेल्या पाइपातून ती ओढू नका, आणि कोपऱ्यावर जाडीच्या निदान चौपट त्रिज्येचं वळण द्या.

जोडून झालं की लिंक १००० आहे ना ते बघा आणि घरातल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवर एखादी मोठी फाइल कॉपी करा. सेकंदाला ११०-११२ मेगाबाइटच्या (एक मेगाबाइट म्हणजे आठ मेगाबिट) आसपास वेग टिकला तर केबल ठीक आहे, मात्र त्यासाठी दोन्हीकडच्या डिस्कही तितक्या वेगवान हव्यात. तरी अडलं तर दोन्ही टोकांचे रंग आणि खरवडलेल्या तारेचा रंग इथे लिहा, पुढचं बघू.