बुद्धिबळ स्पर्धेत समोरच्या मोठ्या माणसानं एका सोंगटीला हात लावून दुसरीच चाल केली, तर माझ्या मुलीनं तक्रार करावी का?

करावी, आणि तिथल्या तिथं करावी. ज्या सोंगटीला हात लावला तीच खेळायची, असा नियम आहे.

नागपुरातली मे महिन्यातली खुली स्पर्धा. मंगल कार्यालयाचा हॉल, कूलरची हवा पहिल्या दोन टेबलांपुरती. समोर साठीचे एक काका. माझा वजीर डी-3 घरात, त्याच्या मागे उंट सी-2 वर, दोघांचा रोख काकांच्या राजाशेजारच्या एच-7 घरावर. तिथली राखण त्यांचा एफ-6 चा घोडा करत होता. तो हलला की मात, ई-4 वर आडवा आला तर फुकट जाणार. काकांनी नेमका तोच घोडा उचलला, चांगला बोटभर वर. थबकले, होता तिथं ठेवला आणि जी-6 ला प्यादं ढकललं. घड्याळ दाबलं.

माझे कान तापले, पण तोंड उघडेना. दादा लहानपणापासून सांगत आलेला, "मोठ्यांशी हुज्जत घालू नको, खेळच तर आहे." मी उंट मागे घेतला, घड्याळ दाबलं आणि मग राहवेना म्हणून पंचांना बोलावलं. काका म्हणाले, "काहून बेटा, मी कुठं हात लावला?" शेजारच्या पटांवर कुणी पाहिलं नव्हतं. पंच म्हणाले, तुम्ही स्वतःची चाल खेळलात, आता तक्रारीचा हक्क संपला. नियम तसाच आहे, त्यांची चूक नाही. तो डाव मी हरले.

घरी दादा म्हणाला, "बरं झालं, वाढवलं नाहीस." अकरा वर्षं आमचं यावरून वाजतंय. 2025 मध्ये आपल्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हम्पीला बरोबरीनंतरच्या टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला, तेव्हा हाच दादा पेढे घेऊन आला. हम्पी तिच्याहून अठरा वर्षांनी मोठी. मी विचारलं, पटावर वय बघायचं असतं का रे? पेढा खात गप्प बसला.

तर मुलीला सांगा, आपल्या सोंगटीला हात लावायच्या आधी घड्याळ थांबवायचं आणि पंचांना हाक मारायची. आवाज चढवायचा नाही. हो, बाही लागून सोंगटी पडली किंवा आधी 'नीट ठेवतो' म्हणून हात लावला, तर ती तक्रार नाही. आणि कुणी पाहिलं नसेल तर निकाल तिच्या बाजूनं लागेलच असं नाही. तरी बोलायचंच. काका, आजोबा, कुणीही समोर असो.