फोनवरच्या इंटरव्ह्यूनंतर आठवडा उलटला, आता काय?

नागपूरच्या मानेवाड्याहून एका आईने लिहिलंय. मुलगी इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालेली. नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून मेंटेनन्स ट्रेनीसाठी फोनवर इंटरव्ह्यू झाला. 'शुक्रवारपर्यंत कळवतो' म्हणाले, आज बुधवार उजाडला. 'मोटर आधी स्टारमध्ये का सुरू करतात?' (स्टार आणि डेल्टा या मोटरमधल्या तारांच्या गुंडाळ्या, म्हणजे वाइंडिंग, जोडण्याच्या दोन पद्धती) या प्रश्नावर ती अडखळली, तेव्हापासून हिरमुसली आहे. बाबांनी कंपनीत फोन करावा का, असं त्या विचारतात.

ताई, बाबांनी फोन करू नये. ओळखीच्या माणसाकडून निरोपही नको. शिफ्टमध्ये मशीन बंद पडलं की तिलाच सुपरवायझरशी बोलायचं आहे. आत्ताच घरचे मध्ये पडले तर ती स्वतः बोलू शकेल, यावर कंपनीचा विश्वास कसा बसणार?

मेल मात्र तिने आजच करावा. आभाराचा मेल खरं तर दुसऱ्याच दिवशी जातो, पण उशीर झाला म्हणून सोडू नका. नुसतं 'काही अपडेट आहे का' असं विचारण्यात अर्थ नाही. अडलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहू दे. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगला लाइन व्होल्टेजच्या सुमारे ५८ टक्केच व्होल्टेज मिळतं, त्यामुळे सुरू होतानाचा लाइन करंट डेल्टाच्या एक तृतीयांशावर येतो. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोरही एक तृतीयांशावर येतो, म्हणून जड लोडसह सुरू होणाऱ्या मोटरला ही पद्धत सहसा चालत नाही. एवढं तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलं की बास. त्या दिवशी अडखळले, नंतर वाचून समजून घेतलं, हेही सरळ सांगावं. शिकायची तयारी असलेला ट्रेनीच त्यांना हवा असतो.

रोजच्या येण्या-जाण्याबद्दल त्यांनी विचारलं असेल आणि ती 'बघू' म्हणाली असेल, तर तेही आता पक्कं कळवावं. मेट्रो खापरीपर्यंत आहे, पुढचं कसं करणार ते ठरवूनच लिहा. बुटीबोरीला नवी मुलं टिकत नाहीत ती बरेचदा प्रवासापायी, त्यामुळे हा प्रश्न कंपन्या गंभीरपणे विचारतात.

सगळं मिळून आठ-दहा ओळी. विषयात पदाचं नाव आणि इंटरव्ह्यूची तारीख, खाली मोबाइल नंबर. व्हॉट्सॲपवर मागे लागू नये.

चार-पाच कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर सकाळी अकराच्या सुमारास तिनेच एकदा फोन करून निवड कुठवर आली ते विचारावं. त्यानंतर थांबावं. तोवर हिंगणा एमआयडीसीतले अर्ज आणि केंद्र सरकारच्या नॅट्स पोर्टलवरची डिप्लोमाधारकांसाठीची अप्रेंटिसशिप, दोन्हीकडे नाव नोंदवून ठेवा.