रग्बी लीगचे महान खेळाडू कोण, आणि आज त्यांना कुणी विचारतं का?

हलमध्ये तरी विचारतात! इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडचं हे शहर. मी दोन वर्षं तिथे शिकायला होतो. हंबर पुलाकडून शहरात येणाऱ्या हमरस्त्याचं नाव 'क्लाइव्ह सलिव्हन वे'. मला वाटलं, असेल कुणीतरी महापौर. घरमालक आजोबांना तसं बोललो आणि चहा पार गार होईपर्यंत माझी सुटका झाली नाही.

आधी थोडं खेळाबद्दल. खाणीत-गिरणीत राबणारे खेळाडू सामन्याला गेले की त्यांची मजुरी बुडायची. ती भरून द्यायची की नाही, यावरून १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात बसून वेगळी चूल मांडली. तीच पुढे तेरा जणांची रग्बी लीग झाली. इकडे एकदा सही केली की मूळच्या पंधरा जणांच्या रग्बीत, म्हणजे रग्बी युनियनमध्ये, पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, असा दंडक होता.

म्हणून सलिव्हन हल एफसी या क्लबकडे पहिला चाचणी सामना खेळला तो नाव लपवून. साल १९६१. पोरगा वेल्समधल्या कार्डिफचा, कृष्णवर्णीय, सैन्यात नोकरीला. लहानपणी पायांवर इतक्या शस्त्रक्रिया झालेल्या की धड चालेल का, हीच शंका होती. त्या सामन्यात पठ्ठ्याने तीन ट्राय मारले, म्हणजे तीनदा चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला. १९७२ मध्ये तो ब्रिटनचा कर्णधार झाला. कुठल्याही खेळात ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचं नेतृत्व करणारा पहिला कृष्णवर्णीय. त्या वर्षी लिऑनला विश्वचषकाची अंतिम लढत होती, समोर ऑस्ट्रेलिया. सलिव्हन चेंडू घेऊन जवळजवळ अख्खं मैदान धावला. सामना १०-१० असा बरोबरीत सुटला आणि आधीच्या कामगिरीच्या जोरावर कप ब्रिटनला मिळाला. बघायला प्रेक्षक किती? जेमतेम चार हजार.

त्याच कार्डिफच्या टायगर बे बंदरवस्तीतला बिली बॉस्टन. वडील सिएरा लिओनचे. विगन क्लबची माणसं दारात आली तेव्हा आईने त्यांना पिटाळायला म्हणून तीन हजार पौंड मागितले, आणि त्यांनी ते कबूलही केले! बॉस्टनने विगनसाठी ४७८ ट्राय केले. पण १९५७ मध्ये संघ दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनीय सामने खेळायला गेला तेव्हा वर्णद्वेषी कायद्यांपायी त्याला एकट्याला घरी परतावं लागलं. २०२३ मध्ये कार्डिफ बेमध्ये बॉस्टन, सलिव्हन आणि कार्डिफचाच आणखी एक रग्बी लीगपटू गस रिस्मन या तिघांचा पुतळा उभा राहिला. २०२५ मध्ये, वयाच्या नव्वदीत, बॉस्टनला 'सर' किताब मिळाला. रग्बी लीगसाठी तो मिळालेला हा पहिलाच. इतका उशीर का, हे मला विचारू नका.

पण आमच्या आजोबांचा जीव सलिव्हनमध्येच. हलमध्ये दोन क्लब, पश्चिमेला हल एफसी आणि पूर्वेला रोव्हर्स, आणि त्यांच्यात विळ्या-भोपळ्याचं सख्य. सलिव्हनने हलसाठी २५० ट्राय केले, मग रोव्हर्सकडे जाऊन ११८. १९८० मध्ये वेम्बलीला चॅलेंज कप या रग्बी लीगच्या बाद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हेच दोघे समोरासमोर आले. सदतिशीतला सलिव्हन रोव्हर्सकडून उतरला आणि रोव्हर्स १०-५ ने जिंकले. नंतर तो पुन्हा हलकडे आला, १९८२ चा कप जिंकला आणि १९८५ मध्ये कर्करोगाने गेला. फक्त ४२ वर्षांचा होता.

आजोबा पक्के हलवाले. १९८० साठी त्यांनी सलिव्हनला कधीच माफ करून टाकलंय. रोव्हर्सला अजून नाही.